इरावतीच्या मुखाशी बोगले

२०११ साली हो चि मिन्ह सिटीत भरलेल्या जागतिक तांदूळ परिषदेत त्या वर्षीचा सर्वोत्तम तांदूळ म्हणून म्यानमारच्या पॉसान वाणाची निवड झाली. कच्चा असताना दाणा आखूड, गोलसर. शिजला की लांबीने तिपटीच्या घरात जातो आणि घरभर वास सुटतो. हा भात ज्या तालुक्यांत पिकतो त्यांत इरावतीच्या मुखाकडची बोगले, प्याफोन, म्याउंम्या ही नावे आघाडीवर आहेत. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, देशात तीन दशकांनंतर जनगणना झाली. हे तालुके ज्या इरावती प्रदेशात येतात तिथल्या शंभरातल्या जेमतेम बारा घरांत विजेचा दिवा लागतो, असे तिच्यात दिसले. बाकीची घरे मेणबत्ती, बॅटरी आणि रॉकेलवर. तेव्हा ६२ लाख वस्ती असलेला हा प्रदेश देशाचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या खालच्या पट्ट्यातल्या गावांत अर्ध्याहून अधिक कुटुंबांकडे कसायला स्वतःची जमीन नाही. भाताच्या राशी आणि भूमिहीन घरे शेजारी शेजारी कशी राहतात, हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वीही विचारला जात होता. त्याचे उत्तर शोधायचे तर बोगलेसारखा एक तालुका समोर ठेवून पाणी, जमीन, कर्ज आणि बाजार यांचा मेळ बघावा लागतो.

सुरुवात नदीपासून करायला हवी. काचिनच्या डोंगराळ मुलखात म्यित्सोन इथे दोन प्रवाह एकत्र येऊन इरावती होते आणि सुमारे २,१७० किलोमीटर दक्षिणेला वाहत येते. हिंथाडा शहराच्या आसपास तिला फाटे फुटू लागतात, फाट्यांना पुन्हा फाटे, आणि शेवटी नऊ मोठ्या मुखांनी ती अंदमान समुद्राला मिळते. दरवर्षी ती पंचवीस ते छत्तीस कोटी टन गाळ आणते, असे वेगवेगळ्या काळातले अंदाज आहेत. एवढ्या गाळाने किनारा झपाट्याने पुढे सरकायला हवा होता. तसे होत नाही, कारण भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह त्यातला पुष्कळ गाळ उचलून पूर्वेला मार्ताबानच्या आखातात नेऊन टाकतात. जमीन कसदार आहे, पण तिला उंची नाही. खालच्या भागातली बरीच शेते समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच्या आतच आहेत.

बोगले शहर यांगूनच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, नदीच्या एका फाट्याकाठी वसले आहे. फाट्याचे नावही बोगलेच. म्यानमारच्या कारभारात प्रदेश, जिल्हा आणि मग टाउनशिप अशी उतरंड असते. टाउनशिप म्हणजे साधारण आपला तालुका. २०१४ मध्ये बोगलेची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती, आणि त्यातले बहुतेक लोक खाड्यांच्या काठाने लांबट पसरलेल्या गावांत राहतात. लाकडी किंवा बांबूच्या खांबांवर उचललेली घरे, विणलेल्या बांबूच्या भिंती, वर निपा पामच्या पानांचे छप्पर. घरामागे शेत, पुढे पाणी आणि पाण्यावर होडी. वस्ती मुख्यतः बामर बौद्धांची आहे, पण कारेन लोकांची गावेही बरीच आणि त्यांच्यात बाप्टिस्ट ख्रिस्ती पुष्कळ. तालुक्याच्या दक्षिण टोकाला माइन्माला हे सुमारे १३७ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथे खारफुटीचे राखीव जंगल आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी अजून टिकून आहेत. २०१७ मध्ये त्याची रामसर पाणथळ म्हणून नोंद झाली.

रस्ते इथे उशिरा आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून न्याउंडोन, मौबिन, डेडाये असे एकेक पूल उभे राहत गेले, तोवर यांगूनहून बोगलेला जायचे म्हणजे रात्रभराचा बोटीचा प्रवास. आज मोटारीने पाच-सहा तासांत पोचता येते. तरी शहरापासून पुढे गावोगाव जायला पाण्याचीच वाट, आणि भाताची पोती, विटा, बर्फ, शाळेतली मुले, आजारी माणूस, सगळे त्याच वाटेने जाते. डिझेल महाग झाले की या तालुक्यात प्रत्येक गोष्ट महाग होते.

इथल्या शेतीचे खरे घड्याळ मिठाचे आहे. मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस लागतो, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नदी फुगते आणि समुद्राला मागे रेटते. ऑक्टोबरनंतर नदीचा जोर ओसरतो आणि भरतीचे पाणी फाट्याफाट्यांतून आत शिरू लागते. एप्रिलमध्ये ते सर्वांत आत पोचलेले असते. त्यानुसार सगळ्या त्रिभुज प्रदेशाचे तीन पट्टे पडतात. वरच्या पट्ट्यात बारा महिने गोडे पाणी, मधल्या पट्ट्यात काही महिने खारे, आणि समुद्रालगत बहुतेक काळ खारे. बोगले तालुका खालच्या दोन पट्ट्यांत मोडतो. वरच्या पट्ट्यातला शेतकरी पावसाळी भातानंतर उन्हाळी भात किंवा कडधान्य घेऊ शकतो. बोगलेच्या दक्षिणेकडच्या गावांना वर्षाकाठी एकच पीक. ते बुडाले तर पुढच्या डिसेंबरपर्यंत दुसरे नाही.

मीठ बाहेर ठेवण्यासाठी बांध घालावे लागतात आणि बांधात दारे ठेवावी लागतात. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जावे आणि भरतीला खाडीचे आत येऊ नये, एवढे काम त्या दारांचे. कोकणातला खार जमिनीचा शेतकरी ज्याला उघाडी म्हणतो, तीच ही वस्तू. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून दक्षिण म्यानमारमध्ये भातजमीन सुधारणेचे प्रकल्प आले आणि मैलोन्‌मैल बांध उभे राहिले. बांध घालायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. दाराची फळी कुजली, लोखंड गंजले किंवा कोळंबी आत घेण्यासाठी कुणी रात्री दार उघडे ठेवले, की शेकडो एकरांत मीठ चढते, आणि ते धुऊन निघायला पुढचा पावसाळा लागतो. पिण्याच्या पाण्याची तऱ्हाही अशीच. गावात एक राखलेले तळे आणि घरोघरी पागोळीखाली ठेवलेले मोठाले रांजण. मार्च-एप्रिलमध्ये तळे आटले की गोड्या पाण्याची होडी येते आणि पाणी विकत घ्यावे लागते.

हा सगळा मुलूख दोनशे वर्षांपूर्वी बहुतांश जंगल आणि दलदल होता. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमुळे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा मराठी वाचकाला ठाऊक असतो. थिबाला १८८५ मध्ये मंडालेहून बोटीने खाली आणून हद्दपार केले, तेव्हा हा त्रिभुज प्रदेश तेहतीस वर्षे इंग्रजांच्या ताब्यात होता. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात तो त्यांनी घेतला आणि तिथे भात पिकवायचे ठरवले. वरच्या कोरड्या ब्रह्मदेशातून माणसे उतरली, सुंदरीची झाडे तोडली, चिखल तुडवला, हिवतापाने मेली आणि उरली त्यांनी शेते केली. १८५० च्या दशकाच्या मध्याला दक्षिण ब्रह्मदेशात सात-आठ लाख एकर भात होता; १९३० च्या दशकात तो ऐंशी लाख एकरांच्या वर गेला. मधल्या काळात, १८६९ मध्ये, सुएझ कालवा उघडला आणि युरोपची बाजारपेठ जवळ आली. १८८० च्या दशकात यांगून नदीला त्रिभुज प्रदेशाशी जोडणारा सुमारे ३५ किलोमीटरचा तुंते कालवा खणला गेला. १८६५ मध्ये सुरू झालेली इरावदी फ्लोटिला कंपनी १९२० च्या दशकात सहाशेहून अधिक बोटी चालवत होती आणि वर्षाला सुमारे नव्वद लाख प्रवासी नेत होती. महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश दरसाल सुमारे तीस लाख टन तांदूळ बाहेर पाठवत असे. जगात कुणीच एवढा पाठवत नव्हते.

या भरभराटीचा पाया कर्जाचा होता. जंगल तोडून शेत करायला आणि पहिले पीक हाती येईपर्यंत जगायला पैसा लागे. तो तमिळ मुलखातल्या चेट्टियार पेढ्या पुरवत. पीक येण्याआधीच ठरलेल्या भावाने भात लिहून देण्याची रीतही रुजली. भाव चढते होते तोवर हे चालले. १९३० च्या मंदीत भाताचा भाव निम्म्याहून खाली गेला, हप्ते थकले आणि जमिनी सावकाराकडे गेल्या. भाताच्या तेरा मुख्य जिल्ह्यांत चेट्टियारांकडे १९३० मध्ये सहा टक्के जमीन होती. १९३८ पर्यंत ती पंचवीस टक्क्यांवर पोचली. चेट्टियारांना जमीन नकोच होती, त्यांना पैसा परत हवा होता. पण सारा रोष त्यांच्यावर आणि सगळ्याच भारतीयांवर आला. भातगिरण्यांचे चार मोठे युरोपी मालक १९२१ पासून संगनमताने खरेदीचा भाव पाडत होते. ‘बुलिंगर पूल’ या नावाने तो गट ओळखला जाई. त्यांच्यावर मात्र कुणाचा हात पोचला नाही. सनदी नोकरीत आयुष्य घालवून पुढे अभ्यासक झालेल्या जे. एस. फर्निव्हल यांनी या व्यवस्थेचे वर्णन करताना म्हटले, की इथे वेगवेगळे समाज बाजारात भेटतात, पण एकत्र नांदत नाहीत. त्यांचे १९४८ चे पुस्तक आजही वाचण्याजोगे आहे. भात परदेशी जायचा, नफा रंगून (आजचे यांगून), ग्लासगो आणि चेट्टिनाडला, आणि भाव पडला की फटका चिखलात उभ्या माणसाला, ही मांडणी त्या काळात पक्की झाली. नंतर राज्यकर्ते बदलले, मांडणी टिकली.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि त्याच्या तांदळाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक हिंदुस्थान. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, फ्लोटिला कंपनीने आपल्याच बोटी बुडवल्या आणि तांदळाची वाट बंद झाली. १९४३ चा बंगालचा दुष्काळ अनेक कारणांनी पेटला, त्यांत हे एक. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, त्यामागेही हा तुटवडा होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने जमिनीचे राष्ट्रीयीकरण केले. सावकार गेला. १९६२ च्या लष्करी उठावानंतर मात्र त्याच्या जागी खुद्द सरकार येऊन बसले. शेतकऱ्याने काय पिकवायचे ते सरकार ठरवी, आणि एकरी अमुक टिन भात बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने सरकारी कोठारात घालणे सक्तीचे असे. टिन म्हणजे भाताचे साधारण २१ किलोचे माप. कोटा भरला नाही तर जमीन कसायचा हक्क जाई. पीक बुडालेल्या वर्षी शेतकरी बाजारातून चढ्या भावाने भात विकत घेऊन कोटा पुरा करत. परिणाम व्हायचा तोच झाला. १९८८ च्या सुमारास एकेकाळचा जगातला पहिला निर्यातदार वर्षाला लाखभर टनही बाहेर पाठवू शकत नव्हता. २००३ मध्ये ही सक्ती उठली. शेतकरी सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तोच २००४ च्या सुरुवातीला निर्यातीवर बंदी आली आणि भाव पुन्हा कोसळले.

आज बोगलेतला मध्यम शेतकरी दहा-पंधरा एकर कसतो. आपल्याकडच्या मानाने हे थोडे नाही. पण एकरी पन्नास-साठ टिन, म्हणजे दहा-बारा क्विंटल भात निघतो, आणि मिठाच्या पट्ट्यात त्याहून कमी. जागतिक बँकेच्या २०१६ च्या एका अहवालाने पावसाळी भातासाठी एका माणसाच्या एका दिवसाच्या श्रमातून किती भात मिळतो ते काढले होते. म्यानमारमध्ये २३ किलो, कंबोडियात ६२, व्हिएतनाममध्ये ४२९, थायलंडमध्ये ५४७. या आकड्यांमागे आळस नाही. बियाणे घरचे, खत थोडे, पाण्यावर ताबा नाही, यंत्र नाही आणि सगळे हाताने. सरकारी शेती बँक भातासाठी एकरी दीड लाख च्याट (म्यानमारचे चलन) देई, तेही दहा एकरांपर्यंतच. खर्च तेव्हाच त्याच्या दुपटीला भिडे. उरलेली रक्कम भात दलाल, खतवाला किंवा गिरणीमालक यांच्याकडून येते, आणि मग डिसेंबरात, भाव सर्वांत पडलेला असताना, भात त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. २०१२ च्या कायद्याने जमीन कसण्याचे प्रमाणपत्र मिळू लागले, ते विकता आणि गहाण ठेवता येते. ही मोठी सुधारणा होती. पण जमिनीची अंतिम मालकी सरकारकडेच राहिली, आणि गावातल्या निम्म्याहून अधिक घरांना मुळात प्रमाणपत्र मिळण्याजोगी जमीनच नव्हती.

ती घरे जगतात मजुरीवर आणि पाण्यावर. लावणी जुलै-ऑगस्टमध्ये, कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मधल्या महिन्यांत खेकडे, कोळंबी, मासे, निपाची पाने विणून छपराचे पट्टे करणे, सरपण. पाणी सगळ्यांचे आहे असे वाटते, प्रत्यक्षात ते लिलावाने विकलेले असते. नदीचे आणि खाड्यांचे तुकडे पाडून मासेमारीचा हक्क लिलावात देण्याची पद्धत इंग्रजांनी घातली, ती अजून चालू आहे. ज्याने तुकडा घेतला त्याला पैसे दिल्याशिवाय किंवा त्यालाच मासळी विकण्याचे कबूल केल्याशिवाय दारापुढच्या खाडीत जाळे टाकता येत नाही. चांगला खेकडा चीनला जातो, हिलसा परदेशी जातो, आणि बारीक कोळंबीपासून कुटून, खारवून, उन्हात वाळवून ङापी होते. ती मात्र देशातच खपते, कारण ङापीशिवाय म्यानमारमधले जेवण पुरे होत नाही. प्याफोनपुढच्या समुद्रात कोळंबीसाठी बांबूचे तराफे नांगरून ठेवतात आणि त्यांवर मजूर महिनोन्‌महिने राहतात. आगाऊ उचल घेतलेली असते, किनारा दिसत नाही, वादळ आले तर पळायला जागा नाही. मारहाणीच्या आणि मृत्यूंच्या बातम्या तिथून वारंवार आल्या आहेत. देशातल्या सर्वांत निष्ठुर कामांत त्याची गणना व्हायला हवी.

वर, तुंते, मौबिन, न्याउंडोनकडे, मासळीचे दुसरेच जग आहे. १९९० पासून तिथे भातशेतांचे मोठाले तलाव झाले आणि त्यांत मुख्यतः रोहू पाळला जातो. पैसा त्यात भातापेक्षा कितीतरी अधिक. मात्र अनेक ठिकाणी हे तलाव शेतकऱ्यांच्या काढून घेतलेल्या जमिनींवर उभे राहिले. २०१३ च्या फेब्रुवारीत मौबिन तालुक्यात अशाच जमिनीवरून शेतकरी आणि पोलिसांत चकमक झाली आणि एक पोलीस ठार झाला. साध्या शेतकऱ्याला मात्र स्वतःच्या भातशेतात तळे खणायला परवानगी मिळणे अवघड, कारण कायद्याने भातजमीन भातासाठीच. २०१८ मध्ये इरावती प्रदेशाच्या विधिमंडळाने मत्स्यकायदा नव्याने केला आणि गावकऱ्यांच्या गटांना मिळून पाण्याचा तुकडा घेता येईल अशी वाट ठेवली. गेल्या काही दशकांतला हा या प्रदेशातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. तीन वर्षांतच लष्कराने सत्ता घेतली आणि ते विधिमंडळच राहिले नाही.

खारफुटीची कथा या सगळ्याशी जोडलेली आहे. १९७८ मध्ये इरावतीच्या मुखांवर सुमारे २,६२० चौरस किलोमीटर खारफुटी होती; २०११ मध्ये ९४० च्या आत उरली. यांगूनच्या चुलींना लागणारा कोळसा हे त्याचे एक कारण, पण मोठे कारण भात. भातउत्पादन वाढवण्याचे सरकारी उद्दिष्ट पुरे करायला समुद्राकाठची झाडे तोडून बांध घातले गेले. त्या जमिनी आम्ल आणि खारट निघाल्या, काही वर्षांत पीक उतरले, आणि झाडे तर गेलेलीच होती.

याची किंमत २ मे २००८ च्या रात्री मोजावी लागली. नर्गिस चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून नेहमीसारखे उत्तरेला न वळता पूर्वेला सरकले आणि थेट त्रिभुज प्रदेशावर चढले. साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची समुद्राची लाट सपाट जमिनीवरून तीस-चाळीस किलोमीटर आत शिरली. चढून बसायला टेकडी नव्हती, पक्क्या इमारती मोजक्या, आणि झाडे कमी उरलेली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,३८,०००. बाधित २४ लाख. लाबुट्टा आणि बोगले या दोन तालुक्यांत सर्वाधिक माणसे गेली. बोगले शहरातली ९५ टक्के घरे पडल्याचे तेव्हाच्या मंत्र्यांनीच सांगितले. सरकार, आसियान आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या संयुक्त पाहणीत मृतांमध्ये ६१ टक्के स्त्रिया असल्याचे दिसले. मुले कडेवर, पाण्याचा जोर, आणि रात्रभर फांदीला धरून राहण्याची ताकद, याचा तो हिशेब आहे.

भारतीय हवामान खात्याने आधीच अनेकदा इशारे दिले होते. ते गावांपर्यंत पोचले नाहीत. वादळानंतर लष्करी सरकारने परदेशी मदतीला तीन आठवडे अडवून धरले. फ्रेंच आणि अमेरिकी जहाजे समुद्रात थांबून परत गेली. १० मे रोजी देशात राज्यघटनेवर सार्वमत घेतले गेले. उद्ध्वस्त तालुक्यांपुरते ते फक्त दोन आठवडे पुढे ढकलले. त्या दिवसांत खरी मदत केली ती यांगूनच्या सामान्य माणसांनी. ट्रकमध्ये तांदूळ, पाणी, कपडे भरून ते तुंतेच्या रस्त्याने खाली उतरले. विनोदी नट झार्गनार यांनी अशी मदत उभी केली आणि सरकारवर उघड टीका केली. त्यांना पकडून ५९ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, पुढे ती कमी झाली आणि २०११ मध्ये ते सुटले. विहिरी-तळी उपसून मीठ काढणे, मेलेल्या रेड्यांच्या जागी पॉवर टिलर आणणे, बियाणे जमवणे, ही कामे गावांनी आणि मग संस्थांनी केली. पण वादळाआधीचे कर्ज माफ झाले नाही. जाळे, होडी, रेडा गेलेल्या माणसाने नवे कर्ज काढले, आणि ज्यांना तेही मिळाले नाही ते यांगूनला गेले.

यांगूनच्या पश्चिमेला लाइंताया नावाची टाउनशिप आहे. २०१४ मध्ये तिची लोकसंख्या ६.८७ लाख होती, देशातल्या कुठल्याही टाउनशिपपेक्षा अधिक, आणि त्यांत त्रिभुज प्रदेशातून आलेल्यांचा भरणा मोठा. मुली कापड शिवायच्या कारखान्यांत, मुले बांधकामावर आणि सायकलरिक्षांवर. गावी मजूर कमी झाले, मजुरी वाढली, आणि २०१३ नंतर भात कापून झोडणारी मोठी हार्वेस्टर यंत्रे भाड्याने फिरू लागली. शेतकऱ्याची सोय झाली. गावात उरलेल्या भूमिहीनांचे कापणीचे दिवस मात्र गेले. याच काळात मोबाइलचे सिमकार्ड, जे पूर्वी चैनीची वस्तू होते, १,५०० च्याटला मिळू लागले, आणि बोगलेतल्या शेतकऱ्याला प्याफोनच्या गिरणीतला भाव त्याच दिवशी कळू लागला. वीज नसलेल्या गावांत भाताच्या तुसाच्या वायूवर चालणारी जनित्रे आणि सौर पट्ट्या आल्या. थोडी वर्षे का होईना, वारे बरे होते.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ते वारे फिरले. त्या मार्चमध्ये लाइंतायात निदर्शकांवर गोळीबार झाला, डझनावारी माणसे मेली, आणि हजारो कुटुंबे सामान बांधून गावी परतली. डॉलर उठावाआधी १,३३० च्याटच्या आसपास होता. २०२४ मध्ये खुल्या बाजारात ४,५०० च्या घरात गेला. युरिया आणि डिझेल त्या भावाने घ्यायचे. तांदूळ निर्यात करणाऱ्याने मात्र मिळालेल्या डॉलरचा ठरावीक हिस्सा २,१०० च्या सरकारी दराने बदलून द्यायचा, असा नियम आला. निर्यातदार तो तोटा गिरणीवर ढकलतो, गिरणी शेतकऱ्यावर. ज्या सक्तीच्या कोट्याने तीन पिढ्या पिचल्या, तोच कर वेगळ्या वाटेने परतला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला: पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. जिथे लष्कराचा ताबा पक्का, तिथून भरती अधिक सोपी, आणि त्रिभुज प्रदेश बहुतांश तसाच आहे. थायलंडला पळालेल्या मुलाचे घर आता लावणीला परक्या हातांवर अवलंबून असते, आणि ते हातही मिळत नाहीत. २०२५ मध्ये लष्कराशी लढणाऱ्या आराकान आर्मीची लढाई डोंगर ओलांडून इरावती प्रदेशाच्या पश्चिम कडेपर्यंत आली.

भाताखेरीज दुसरा आधार कडधान्याचा. बोगलेच्या उत्तर भागात आणि वरच्या गोड्या पट्ट्यात भात निघाल्यावर, जमिनीत ओल आहे तोवर, उडीद किंवा मूग टाकतात. खर्च कमी, तीन महिन्यांत पीक, आणि गिऱ्हाईक जवळपास एकच: भारत. ऑगस्ट २०१७ मध्ये महाराष्ट्रासह देशात तुरीचे अमाप पीक येऊन भाव कोसळले होते. तेव्हा दिल्लीने तूर, उडीद आणि मुगाच्या आयातीवर मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते समजण्याजोगे होते. पण त्या हंगामात म्यानमारमध्ये उडदाचा भाव निम्म्यावर आला आणि ज्याने भाताचे कर्ज उडदावर फेडायचे योजले होते तो अडकला. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला: पाच वर्षे, २०२५-२६ पर्यंत, दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. एवढी हमी या शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या सरकारने भातासाठीही कधी दिलेली नाही. दर डिसेंबरला, कापणी संपत आली की, गावातला दलाल यांगूनच्या बायिन्नाउं बाजाराला फोन लावतो, तिथला व्यापारी चेन्नई आणि मुंबईला, आणि त्या उत्तरावरून ठरते की ओल्या रानात उडीद फेकायचा, मूग फेकायचा, की रान तसेच सोडून मुलांनी पाठवलेल्या पैशांची वाट बघायची.